पायाला हात न लावता

२०१० साली ज्युदोचे नियम बदलले, तेव्हा लढत जिंकून देतील असे माझ्याकडे दोनच डाव होते आणि दोन्हींत हात समोरच्याच्या पायाला जायचा. एक दुहेरी पट. ज्युदोत त्याला मोरोते-गारी म्हणतात. दुसरा कलाजंग, म्हणजे मांडीला हात घालून गडी खांद्यावर घेणं. तो ज्युदोतला काता-गुरुमा. दोन्ही मी करवीर तालुक्यातल्या आमच्या गावच्या तालमीत, लाल मातीत शिकलो होतो. ज्युदोची गी अंगावर चढली ती त्यानंतर, शाळेच्या वरच्या वर्गात. नव्या नियमाने हे दोन्ही डाव हातातून काढून घेतले आणि पुढची काही वर्षं मला ज्युदो पुन्हा पायापासून शिकावा लागला. ते कसं झालं ते सविस्तर लिहितोय, कारण तालमीतून ज्युदोकडे येणारी पोरं आजही आहेत आणि हाच प्रश्न त्यांच्यापुढे पहिल्या आठवड्यातच उभा राहतो.

आमच्याकडे मातीतली पोरं ज्युदोत जातात त्याचं कारण साधं आहे. शालेय स्पर्धांत ज्युदोचे वजनगट भरायचे असतात आणि क्रीडाशिक्षकांना पक्कं ठाऊक असतं की तालमीतलं पोर पडायला भीत नाही. राज्यापर्यंत मजल गेली तर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून घरचेही नाही म्हणत नाहीत. आणि तेव्हाच्या नियमांत अशी पोरं लगेच जिंकायचीसुद्धा. समोरचा गीची कॉलर धरायला हात पुढे करायचा, तेवढ्यात आम्ही खाली बसून त्याचे दोन्ही गुडघे मागून ओढलेले असायचे. गी कशी धरतात हे धड न शिकताही जिल्ह्याचं पदक गळ्यात पडायचं.

त्या काळची गुणपद्धतीही आमच्या पथ्यावर पडणारी होती. २००८ संपेपर्यंत ज्युदोत गुणांच्या चढत्या चार पायऱ्या होत्या: कोका, युको, वाझा-अरी आणि इप्पॉन. समोरचा नुसता ढुंगणावर बसला तरी कोका मिळायचा. पट निम्मा निघाला, गडी बसता बसता सावरला, तरी पाटीवर काहीतरी लागायचं आणि तेवढ्यावर वेळ काढता यायचा. २००९पासून कोका गेला. तेव्हा आम्हाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. मागे वळून पाहिलं की कळतं, हवा तेव्हाच फिरली होती. ज्युदोचा कारभार पाहणाऱ्यांना किरकोळ पाडापाडी नको होती, त्यांना पूर्ण फेक हवी होती.

पूर्ण फेक म्हणजे काय, हे मात्र कुस्तीतून येणाऱ्याला मुळापासून समजून घ्यावं लागतं. मातीत गडी खाली घेतला म्हणजे निम्मं काम झालं. त्यानंतर त्याला फिरवायचा, दाबायचा, दोन्ही खांदे टेकवायचे, मग कुस्ती निकाली. ज्युदोत एका फेकीत सगळं संपू शकतं. तो इप्पॉन. पण त्यासाठी पंच चार गोष्टी बघतो: समोरचा पाठीवर पडला का, जोरात पडला का, वेगात पडला का आणि तो जमिनीला लागेपर्यंत फेकणाऱ्याचा ताबा त्याच्यावर होता का. चारांतली एखादी उणी पडली की इप्पॉनचा वाझा-अरी होतो. आमच्या पटात पाठही लागायची, जोरही असायचा. पण ताबा? दोन्ही पाय ओढून घेतल्यावर वरचं धड कुठे जातं हे आमच्या हातात नसायचं. तो वळून कुशीवर जायचा, कधी पोटावर. त्यामुळे माझ्या जुन्या लढती आठवल्या तर त्यांत निखळ इप्पॉन थोडे आणि खाली गेल्यावर दाबून मिळवलेले विजयच जास्त आहेत. खाली दाबण्याला ओसाएकोमी म्हणतात. तिथे मातीतली मेहनत कामाला यायची, कारण आमच्या मिठीतून सुटणं सोपं नव्हतं.

याच सुमारास २००८ची बीजिंग ऑलिंपिक झाली. शंभर किलोच्या गटात मंगोलियाच्या नायदान तुवशिनबायरने पहिल्याच फेरीत जपानच्या केइजी सुझुकीला पाय धरून पाडलं. सुझुकी म्हणजे अथेन्सचा सुवर्णपदकविजेता. तुवशिनबायर तिथून सुवर्णापर्यंत गेला आणि ते मंगोलियाचं ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्ण ठरलं. ती फेक आम्ही वसतिगृहातल्या संगणकावर थांबवून थांबवून पाहिली. मंगोलियातही आपल्यासारखी गावोगावची कुस्ती आहे. त्या मातीतला माणूस जगातल्या सगळ्यात मोठ्या मॅटवर आपलाच डाव मारतोय, हे पाहून अंगावर काटा आला होता. आता आपल्यालाही रस्ता मोकळा आहे असं वाटलं.

आणि दीडेक वर्षात नियम आला. २०१०पासून उभ्याने लढताना पट्ट्याखाली थेट हात घालायचा नाही, घातला तर हान्सोकु-माके, म्हणजे सरळ बाद. तरी त्यात एक फट ठेवली होती. आधी खराखुरा दुसरा डाव मारला आणि त्याला जोडून हात पायाला गेला तर चालत होतं. समोरच्याच्या हल्ल्यावर उलटडाव म्हणूनही चालत होतं. समोरच्याने आडवी, उलट बाजूची पकड घेतली असेल तरीही मुभा होती. २०१३ला ही फटही बुजवली. उभ्याने पायाला हात लावायचाच नाही, धरायला नाही आणि अडवायलाही नाही. पुढे शिक्षा सौम्य होत होत शिदोवर, म्हणजे ताकिदीवर आली, पण बंदी राहिली.

कारणं दिली गेली ती अशी. स्पर्धांत खेळाडू कंबरेत वाकून, हात लांब करून, एकमेकांपासून पळत लढायला लागले होते. ज्युदो आणि फ्रीस्टाइल कुस्ती यांत बघणाऱ्याला फरक दिसेनासा झाला होता. ताठ उभं राहून, गी धरून, मोठी फेक मारणारा ज्युदो टिकवायचा होता. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. त्या काळातल्या काही लढतींत चार-पाच मिनिटं दोघं नुसते टकरीच्या पवित्र्यात फिरत असायचे. तरीही एक गोष्ट मला तेव्हाही खुपली आणि आजही खुपते. काही डाव ज्युदोतून इजेमुळे गेले आहेत, त्याबद्दल कोणाचं दुमत नाही. कानी-बासामी म्हणजे समोरच्याच्या पायांना दोन्ही पायांची कात्री घालून मागे पाडणं. १९८०मध्ये त्याच डावात यासुहिरो यामाशितासारख्या खेळाडूचा पाय मोडला. तो डाव बंद झाला, बरोबरच झालं. पण पट आणि कलाजंग कोणाचा पाय मोडतात म्हणून गेले नाहीत. खेळ कसा दिसावा, यासाठी गेले.

काता-गुरुमा तर ज्युदोच्या घरातलाच डाव. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२मध्ये टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. तरुणपणी आपल्यापेक्षा बऱ्याच धिप्पाड सोबत्याला कसं उचलावं याचा शोध घेताना त्यांनी पाश्चात्त्य कुस्तीचं पुस्तक चाळलं आणि त्यातून हा डाव घेतला, असं सांगतात. नागे-नो-काता या फेकींच्या ठरावीक मांडणीत पहिल्याच संचात तिसरी फेक हीच आहे. ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला आम्ही ती जुन्या पद्धतीनेच, मांडीला हात घालून, खांद्यावर तोलून दाखवतो आणि परीक्षक ती बारकाईने तपासतात. तीच फेक तशीच स्पर्धेत मारली की पंच लढत थांबवतो.

गावी गेलो तेव्हा वस्तादांना सांगितलं. ते आखाड्याच्या कट्ट्यावर बसले होते.

"हात खाली न्यायचा न्हाई म्हंजी? मग पट कुठनं काढायचा?"

"काढायचाच नाही, वस्ताद."

"आन् कलाजंग?"

"तोही नाही."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "धोबीपछाड तर ठिवलाय का त्येंनी?"

ठेवला होता. आणि पुढचं सगळं त्या एका प्रश्नातून निघालं, हे मला नंतर उमगलं.

पुण्यात कॉलेजला आलो होतो. तिथल्या हॉलमध्ये सर आम्हा तालमीवाल्यांना वेगळं काढायचे. रँडोरीत, म्हणजे सरावाच्या मोकळ्या लढतीत, त्यांनी आमच्यासाठी एक नियम घातला होता. हात पट्ट्याखाली गेला की लढत तिथेच थांबायची आणि हात घालणाऱ्याने मॅटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उकेमी करत जायचं. उकेमी म्हणजे पडण्याचा सराव, हात आपटत, हनुवटी छातीला लावून. पहिले काही महिने आमच्यापैकी कोणी ना कोणी सतत मॅटच्या कडेने लोळत चाललेला असायचा. शिक्षा म्हणून नव्हतं ते. शरीराची वर्षानुवर्षांची सवय डोक्याला सांगून जात नाही. प्रत्येक वेळी तिची किंमत शरीराकडूनच वसूल करावी लागते.

पण सवय मोडणं हा सोपा भाग होता. रिकाम्या झालेल्या जागेत काय बसवायचं, हे अवघड होतं. सरांचं म्हणणं होतं की आधी पवित्रा बदलल्याशिवाय एकही फेक येणार नाही.

"तुझं डोकं समोरच्याच्या छातीला लागलेलं असतं, म्हणून तुला त्याचे पाय दिसतात," ते म्हणायचे. "डोकं वर काढ. त्याचे खांदे बघ."

कुस्तीगीराला ताठ उभं राहा म्हणणं म्हणजे त्याला उघडं पाडणं. कंबर वर आली की आपले पाय समोरच्याला मोकळे मिळतात, हे मातीत लहानपणापासून अंगात मुरवलेलं असतं. आणि आता समोरच्यालाही तुझा पाय धरता येणार नाही, हे सांगूनही अंग ऐकत नाही. हे पटायला मला पुष्कळ वेळ लागला. ज्या दिवशी पटलं, त्या दिवसापासून नियमाची दुसरी बाजू दिसायला लागली. माझ्याकडून जे काढून घेतलं होतं ते समोरच्याकडूनही काढून घेतलं होतं. पायांची राखण करायला मागे ठेवलेली कंबर आता पुढे आणता येत होती. आणि कंबर समोरच्याच्या जवळ आल्याशिवाय ज्युदोतली एकही मोठी फेक लागत नाही. ना उची-माता, ना हाराई-गोशी, ना सेओई-नागे.

मग पकड. मातीत अंगावर लांगेशिवाय धरायला काही नसतं, त्यामुळे मनगट, मान, काख हीच आमची धरायची ठिकाणं. गी धरणं ही वेगळीच विद्या आहे. एक हात बाहीवर, त्याला हिकिते म्हणतात. दुसरा कॉलरवर, तो त्सुरिते. जपानी खेळाडू ही पकड मिळवण्यासाठी जेवढं लढतात तेवढं फेकीसाठीही लढत नाहीत, कारण पकड मिळाली की फेक निम्मी झालेलीच असते. आम्ही सुरुवातीला सगळी मूठ आवळून धरायचो. दोन मिनिटांत पंजा भरून यायचा, बोटं उघडायची नाहीत. सरांनी करंगळीपासून धरायला शिकवलं. करंगळी आणि तिच्या शेजारची दोन बोटं कापडात रुतवायची, अंगठा आणि तर्जनी सैल. मग मनगट वळतं राहतं. जाड विणीच्या गीवर बोटांची पेरं सोलून निघायची. सरावाआधी प्रत्येक जण भिंतीला टेकून बोटांना चिकटपट्टी गुंडाळत बसलेला असायचा.

फेक कोणती, यावर सरांनी मला उची-माता करून पाहायला लावली. आतल्या मांडीत आपला पाय घालून उचलायची ही फेक बघायला फार देखणी. शोहेइ ओनोने रिओ आणि टोकियो अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णं ७३ किलोत जिंकली, त्याची उची-माता आजही कोणीही शिकायला बघावी अशी आहे. पण ती एका पायावर उभं राहून मारायची असते आणि माझं अंग बुटकं, मांड्या जड, कंबर खाली. मला आठवला वस्तादांचा प्रश्न. सरांना म्हटलं, सेओई करू का? त्यांनी लगेच मान डोलावली.

इप्पॉन-सेओई-नागे म्हणजे थोड्याफार फरकाने धोबीपछाडच. समोरच्याचा एक हात आपल्या खांद्यावर घ्यायचा, पाठ वळवायची, त्याला डोक्यावरून पुढे घालायचं. या फेकीचं नाव निघालं की ज्युदोतली माणसं तोशिहिको कोगाचं नाव घेतात. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकला जाण्याच्या सुमारास सरावात कोगाचा गुडघा दुखावला. सहकारी हिदेहिको योशिदाबरोबर सराव चालला असताना हे झालं. तरी तो त्या गुडघ्यावर ७१ किलोत खेळला आणि सुवर्ण जिंकला. योशिदानेही त्याच स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. कोगा ही फेक गुडघे न टेकता, उभ्याने मारायचा. त्यामुळे समोरचा उंचावरून पडायचा आणि पंचाला विचार करावाच लागायचा नाही.

धोबीपछाड आणि सेओई यांत एक फरक आहे आणि माझा सगळा घाम त्या फरकावर गेला. मातीत आपण हात ओढून घेतो आणि वळतो. ओढणं खाली आणि अंगाच्या दिशेने. ज्युदोत बाहीचा हात आधी वर आणि बाहेर जातो. सर सांगायचे, मनगटावरच्या घड्याळात वेळ बघतोस तसा हात वळव, करंगळी वर, कोपर खांद्याच्या उंचीला. तेवढ्याने समोरच्याची टाच उचलली जाते. ही कुझुशी, म्हणजे तोल काढणं. ती झाली की मग आत शिरायचं, ती त्सुकुरी. शेवटी फेकायचं, ती काके. मी शिरायचो चांगला, पण समोरच्याचा तोल जागचा हललेला नसायचा. मग तो माझ्या पाठीवर ओझं होऊन पडायचा आणि मी त्याच्याखाली दबायचो.

तो हात बसवण्यासाठी सायकलची जुनी ट्यूब हॉलच्या खिडकीच्या गजाला बांधली होती. ट्यूबची दोन टोकं दोन हातांत, वर-बाहेर ओढ, वळ, शीर, परत ये. ट्यूब खोटं बोलू देत नाही. कोपर खाली आलं की ती पोटाशी येते, वर राहिलं की कपाळासमोरून जाते. ती कपाळासमोरून जाईपर्यंत सर माणसावर मारू द्यायचे नाहीत. त्यानंतर उचीकोमी, म्हणजे जोडीदाराला न फेकता फक्त आत शिरायचं, पुन्हा पुन्हा. मग जाड गादीवर नागेकोमी, म्हणजे प्रत्येक वेळी पूर्ण फेकायचं. मला वाटतं, आपल्याकडच्या हॉलमध्ये सगळ्यात कमी वेळ दिला जातो तो या शेवटच्या गोष्टीला. गाद्या कमी असतात, पडणारा वैतागतो, म्हणून पोरं आयुष्यभर फेकीच्या दारापर्यंत जातात आणि परत येतात. त्यांच्या फेकीला शेवट नसतो. आणि इप्पॉन ठरतो तो शेवटावरच.

आंतरविद्यापीठ स्पर्धेतली एक लढत मला अजून जशीच्या तशी दिसते. समोर हरियाणाचा मुलगा, तोही उघड उघड कुस्तीतून आलेला. दोघांचेही हात अधूनमधून खाली जाऊ बघायचे आणि परत वर यायचे. निम्म्या लढतीनंतर त्याला एक शिदो मिळाला, सतत वाकून बचावात राहिल्याबद्दल. शिदो मिळालेला माणूस काहीतरी करून दाखवायला पुढे येतो. तो आला. त्याचा उजवा हात माझ्या कॉलरवर पोचण्याआधी मी त्याची बाही धरली, वर काढली आणि त्याचं पूर्ण वजन पायाच्या चवड्यांवर आल्याचं मला बोटांत जाणवलं. पुढचं मी ठरवून केलं नाही. तो पडला तेव्हा त्याची बाही माझ्या हातात होती आणि मी ती शेवटपर्यंत वर ओढून धरली होती. तेच महत्त्वाचं. ती सोडली असती तर तो कुशीवर वळला असता. पंचाचा हात सरळ डोक्यावर गेला. इप्पॉन. पटाने जिंकलेल्या कुठल्याच लढतीत मला एवढं स्वच्छ कळलं नव्हतं की मी काय केलं आणि तो का पडला.

कलाजंग मात्र मनातून गेला नव्हता. तो परत आला वेगळ्या वाटेने, आणि ती वाट आमची नव्हे, जगातल्या कितीतरी खेळाडूंनी मिळून काढलेली. पायाला हात न लावता काता-गुरुमा मारता येतो. डाव्या हाताने समोरच्याची उजवी बाही, उजव्या हाताने त्याच बाजूची कॉलर. बाही छातीशी घट्ट ओढायची, डोकं त्याच्या उजव्या काखेखालून काढायचं आणि त्याच क्षणी त्याच्या पोटाखाली खाली बसायचं. त्याला उचलायचं नाहीच. आपण त्याच्याखालून आधार काढून घेतो आणि तो आपल्या खांद्यांवरून बाहीच्या दिशेने लवंडतो. जुन्या डावात मांडीला घातलेला हात जे काम करायचा ते काम आता बाहीची ओढ आणि खांद्याची जागा करते. उजवा हात कॉलरवरून सुटता कामा नये. सुटला की तो आपोआप मांडीकडे जातो आणि पंचाचं लक्ष तिथेच असतं.

ही फेक बसवताना तालमीतलं शिक्षण प्रत्येक पायरीला कामाला आलं. काखेखालून डोकं काढणं, खाली बसताना मान ताठ ठेवणं, खांद्यावर वजन आलं की न डगमगणं, यातलं काहीही मला नव्याने शिकावं लागलं नाही. वस्तादांना गावच्या आखाड्यात करून दाखवली, समोरच्या पोराला गीचा वरचा कोट घालून. त्यांनी दोनदा करायला लावली. मग म्हणाले, "हात न घालता बी कलाजंगच हाय ह्यो." आणि त्यांनी बाकीच्या पोरांना बघायला बोलावलं.

या फेकीची एक अडचण आहे. समोरचा पुष्कळदा पाठीवर आदळण्याऐवजी घरंगळत जातो. घरंगळण्यात जोर नसतो, म्हणून इप्पॉन मिळणं अवघड जातं. २०१७मध्ये युकोही काढून टाकला, लढती चार मिनिटांच्या झाल्या, तीन शिदोंवर बाद व्हायला लागलं. वर्षभर तर दोन वाझा-अरींचा मिळून इप्पॉनही होत नव्हता, तो २०१८मध्ये परत आणला. या काळात वाझा-अरीला कमी पडलेल्या फेकीला पाटीवर जागाच नव्हती. बरोबरी झाली की लढत गोल्डन स्कोअरमध्ये, म्हणजे जादा वेळेत जायची, तिला २०१३पासून वेळेची मर्यादा नाही, आणि शेवटी दमलेल्याला तिसरा शिदो मिळून निकाल लागायचा. फेकीचा खेळ शिक्षेवर संपताना बघवत नाही. माझा स्पर्धेतला काळ तोवर सरत आला होता.

२०२५पासून युको परत आला, हे मला मनापासून आवडलं. पूर्ण कुशीवर पडला तरी आता त्याची नोंद होते. खाली दाबून पाच सेकंद धरलं तर युको, दहाला वाझा-अरी, विसाला इप्पॉन. याने मातीतल्या पोरांना पुन्हा थोडं बळ मिळालं आहे, कारण फेक अर्धी लागली तरी खाली जाऊन धरण्यात ती तरबेज असतात आणि पाच सेकंद हा त्यांच्यासाठी फार मोठा वेळ आहे. जमिनीवर गेल्यावर पाय धरायला आजही बंदी नाही. मी ज्या पोरांना शिकवतो त्यांना हे पहिल्याच दिवशी सांगतो, म्हणजे आपली अर्धी विद्या वाया गेली असं त्यांना वाटत नाही. गुडघ्यांवर बसून मारायच्या फेकी मात्र लहान मुलांना मी शिकवत नाही. आधी उभ्याने सेओई, मान आणि गुडघे तयार झाल्यावर काता-गुरुमा.

बंदीनंतर शिकलेली पिढी पाहिली की फरक डोळ्यात भरतो. मणिपूरच्या लिंथोई चनंबमने २०२२मध्ये सारायेव्होत ५७ किलोच्या गटात कॅडेट, म्हणजे अठरा वर्षांखालचं विश्वविजेतेपद जिंकलं. ज्युदोत कुठल्याही वयोगटात जागतिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय. जॉर्जियाच्या मामुका किझिलाश्विलींनी तिला घडवलं. त्या वयाच्या मुलांना मोडायला जुनी सवय नसते. त्यांचा हात जन्मतःच बाहीकडे जातो असं वाटतं. आपल्या तालुक्यांतून ज्युदोत येणाऱ्या पोरांना सुरुवातीलाच गी आणि पकड मिळाली, तर त्यांना माझ्यासारखी मधली वर्षं घालवावी लागणार नाहीत.

एवढं सगळं होऊनही माझं मत बदललेलं नाही. संपूर्ण बंदी नको होती. २०१० ते २०१२ या काळातला नियम चांगला होता: आधी खरा डाव मारा, मग त्याला जोडून किंवा उलटडाव म्हणून हात पायाला गेला तर जाऊ द्या. त्याने वाकून पळणारेही आवरले असते आणि काता-गुरुमासुद्धा त्याच्या मूळ रूपात स्पर्धेत राहिला असता. जपानने २०२५च्या ऑल जपान स्पर्धेसाठी आपल्या देशांतर्गत नियमांत पाय पकडायला पुन्हा वाट दिली, म्हणजे ज्यांच्या घरचा हा खेळ त्यांनाही काहीतरी हरवल्याचं जाणवलं असणार. चालू नियम २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपर्यंतचे आहेत. त्यानंतर ते पुन्हा मांडले जातील, तेव्हा कुस्तीची परंपरा असलेल्या देशांनी, मंगोलियाने, जॉर्जियाने आणि आपणही, ही मागणी एकत्र येऊन लावून धरावी. आपल्या राज्यातले प्रशिक्षक आणि पंच यांच्यात यावर बोलणं सुरू झालं आहे. जिल्ह्याच्या सराव स्पर्धांत तो मधला नियम लावून पाहायला कोणाची हरकत नसावी, आणि आमच्याकडच्या पुढच्या शिबिरात मी तो लावणार आहे.